सीएसव्ही वाचताना रकाने सरकतात, रक्कम १ रुपया होते: पीएचपीतलं एक चिवट दुखणं

दिवाळीनंतरचा आठवडा होता. जिनिंगच्या आवारात कापसाच्या गाड्यांची रांग, आणि रात्री साडेआठला माझा फोन वाजला. पलीकडे पारोळ्याकडचे एक आप्पा. "भाऊ, मन्हा कापूसना एकच रुपया?"

एसएमएसखाली चौकशीसाठी मी माझाच नंबर टाकून ठेवला होता, ही पहिली चूक. दहा मिनिटांनी दुसरा फोन आला. या गृहस्थांना १३७ रुपये आले होते. दोघांचा कापूस जवळजवळ सारखा, अठरा क्विंटलच्या आसपास.

जळगाव जिल्ह्यातल्या एका जिनिंगचं छोटं वेब ॲप्लिकेशन मी सांभाळतो. दिवसभराच्या काटापावत्या दिवाणजी, म्हणजे आमचे नाना, एक्सेलमध्ये चढवतात. संध्याकाळी ती शीट सीएसव्ही (रकाने कॉमानं वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल) म्हणून सेव्ह करून अपलोड करतात. पीएचपीची स्क्रिप्ट ती वाचते, डेटाबेसमध्ये नोंद होते आणि शेतकऱ्याला एसएमएस जातो. रकाने सहाच: शेतकरी क्रमांक, गाव, वजन, भाव, रक्कम, शेरा. याहून साधं काम शोधून सापडणार नाही. तरी चार हंगामांत या फाइलनं मला दरवर्षी नव्या वेषात गाठलं. ज्यांना हाच त्रास होतोय त्यांच्यासाठी सगळं एकत्र लिहितोय. फंक्शनांची नावं देवनागरीत दिली आहेत, उच्चारावरून ओळखता येतील. आकडेही देवनागरीत आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये ते इंग्रजी अंक असतात.

आप्पांच्या ओळीपासून सुरुवात करू. नोटपॅडमध्ये ती अशी दिसत होती (भाव सोयीसाठी २०२४-२५ चा लांब धाग्याचा हमीभाव धरलाय, रकमेच्या कडेच्या स्पेस गाळल्यात):

४१२,पारोळा,१८.२५,७५२१,"१,३७,२५८.२५",

फाइल बरोबर आहे. रकमेतच कॉमा असल्यामुळे एक्सेलनं तो रकाना डबल कोटमध्ये गुंडाळला. सीएसव्हीचं स्वरूप सांगणाऱ्या, २००५ साली आलेल्या आरएफसी ४१८० या टिपणातही हीच रीत दिली आहे: रकान्यात कॉमा, डबल कोट किंवा नवी ओळ असेल तर रकाना कोटमध्ये घाला, आणि आतल्या कोटाचे दोन कोट करा. घोळ माझ्या स्क्रिप्टमध्ये होता. पहिल्या हंगामात शेऱ्याच्या रकान्यात कोट उमटत होते, म्हणून मी स्ट्र_रिप्लेसनं अख्ख्या ओळीतले डबल कोट उडवले आणि मग एक्सप्लोडनं कॉमावर ओळ तोडली. शेरा शेवटचा रकाना, त्यामुळे त्यातले कॉमा काही बिघडवत नव्हते आणि मला वाटत राहिलं की जमलंय.

मग त्या दिवशीच काय झालं? मालकांना प्रिंट वाचायला सोपी हवी होती, म्हणून नानांनी रकमेचा रकाना निवडून एक्सेलमधलं कॉमाचं बटण दाबलं. कोट उडाले, ओळ तुटली, पाचवा रकाना झाला १, सहावा ३७, सातवा २५८.२५. एसएमएसमध्ये गेला पाचवा.

आणि १३७ कुठून आले? काट्यावरच्या कॉम्प्युटरवर विंडोजची प्रादेशिक सेटिंग भारताची आहे, ऑफिसातल्यावर अमेरिकेची. एक्सेल कॉमा विंडोजला विचारून टाकतं. एकीकडे १,३७,२५८.२५ तर दुसरीकडे १३७,२५८.२५. एकच रक्कम एका खिडकीतून १ रुपया होऊन बाहेर पडली, दुसरीतून १३७ होऊन.

यावरचा उपाय सगळ्यांना ठाऊक आहे: एक्सप्लोड सोडा, एफगेटसीएसव्ही, म्हणजे पीएचपीचं सीएसव्ही वाचायचं तयार फंक्शन, वापरा. मी तो त्याच रात्री केला. दुसऱ्या दिवशी रकाने जागेवर बसले, शेरा शेऱ्याच्या जागी आला, आणि रक्कम तरीही १ रुपयाच.

इथे बरेच जण अडकतात, कारण दुखणी दोन आहेत आणि लक्षण एकच. एफगेटसीएसव्हीनं रकाना अचूक दिला: १,३७,२५८.२५ ही स्ट्रिंग. पुढे मी तिच्यावर फ्लोट कास्ट केला होता, म्हणजे तिची दशांश संख्या करून घेतली होती. पीएचपी डावीकडून अंक वाचत जातं, कॉमा दिसला की थांबतं, आणि जेवढं वाचलं तेवढी संख्या हातात देतं. उघड कास्ट केला की इशाराही देत नाही. भाव ७,५२१ असा आला असता तर क्विंटलला ७ रुपये झाले असते.

म्हणून संख्येचा रकाना कास्ट करण्याआधी धुवून घ्या. कॉमा काढा, रुपयाचं चिन्ह काढा, स्पेस काढा. स्पेस कशाला? एक्सेलचं कॉमा बटण रकमेच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडतं आणि ती सीएसव्हीत उतरते, पीएचपी ८.० च्या आधीच्या आवृत्त्यांत संख्या आहे का हे तपासणारं इज_न्यूमेरिक शेवटची स्पेस दिसली की नकार देतं. त्याच बटणामुळे शून्याच्या जागी नुसती आडवी रेघ येते, तीही धरा. व्हॉट्सॲपवरून चिकटवलेल्या मजकुरात कधी न तुटणारी स्पेस असते, ती साध्या ट्रिमला दिसत नाही. सगळं झाल्यावर रेग्युलर एक्स्प्रेशननं, म्हणजे मजकूर तपासायच्या साच्यानं, खात्री करा की उरलंय ते फक्त अंक आणि फार तर एक टिंब. मगच कास्ट.

त्या एक्स्प्रेशनमध्येही एक खड्डा आहे. मराठी मजकुरासाठी आपण सवयीनं युनिकोडचा यू मॉडिफायर लावतो. तो लावला की बॅकस्लॅश-डी, म्हणजे साच्यातली अंकाची खूण, देवनागरी अंकांनाही अंक मानतं. कुणी युनिकोड कीबोर्डवरून १२५ देवनागरीत टाकलं की तपासणी पास, आणि कास्ट केल्यावर हातात शून्य, कारण कास्टला देवनागरी अंक कळत नाहीत. शून्य ते नऊ अशी कंसातली व्याप्ती वापरा, आणि त्याआधी स्ट्रटीआरनं देवनागरी अंक इंग्रजी करून घ्या. मराठी माणसाच्या फाइलमध्ये हे आज ना उद्या येतंच.

एरंडोलवाल्यांचंच का बिघडतं

हा किस्सा त्याच्या आदल्या हंगामाचा, आणि खरं तर तेव्हाच मी शहाणा व्हायला हवं होतं. बाकी सगळ्या गावांची नोंद नीट, एरंडोलच्या शेतकऱ्यांची मात्र एक रकाना उजवीकडे सरकलेली. गाव रिकामं, वजनाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा. धरणगाव ठीक, अमळनेर ठीक, चोपडा ठीक. नाना म्हणाले, "एरंडोलनी काय घोडं मारलं तुमचं?"

तेव्हा शीट भरायला बऱ्हाणपूरकडचा एक पोरगा होता. टायपिंग कृतीदेववर शिकलेला. कृतीदेव युनिकोड नाही: फाइलमध्ये इंग्रजी अक्षरंच जातात, फाँट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. आणि कृतीदेवमध्ये कॉमाची कळ दाबली की "ए" उमटतो. म्हणजे पडद्यावर "एरंडोल" दिसणारा शब्द फाइलमध्ये कॉमानं सुरू होत होता. एक्सेलनं इमानानं त्याला कोट घातले, माझ्या स्ट्र_रिप्लेसनं काढले, आणि एक्सप्लोडनं त्या "ए"वर ओळ चिरली.

शिवाय याच फाँटमध्ये अर्धा "ष्" म्हणजे डबल कोट. त्यामुळे शेऱ्यात कुठे "भूषण" किंवा "संतोष" आलं की माझी स्क्रिप्ट त्यांच्या पोटातला "ष"च काढून घ्यायची.

मी काय केलं? स्क्रिप्ट दुरुस्त करायच्या ऐवजी त्या पोराला सांगितलं की "अेरंडोल" लिही, सावरकरी थाटात. चाललं पण. एक हंगाम.

एफगेटसीएसव्ही वापरलं की कृतीदेवचा कॉमा आणि कोट दोन्ही सुखरूप आत येतात. पण मजकूर तरीही चिवडाच असतो. तो युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो, आणि हे रूपांतर ओळ तोडल्यानंतरच करायचं, आधी नाही. आधी केलंत तर रूपांतर करणारी स्क्रिप्ट रकाने तोडणाऱ्या खऱ्या कॉमांचेही "ए" करून टाकेल.

बॅकस्लॅश

चौथ्या हंगामात वजनाची बेरीज जुळेना. नानांच्या शीटमध्ये जेवढ्या ओळी, त्यातल्या २३ डेटाबेसमध्ये नाहीत. एरर नाही, इशारा नाही. एका शेतकऱ्याचा शेरा मात्र वीतभर लांब. उघडून पाहिला तर बाकीचे तेवीस जण ओळीनं आत बसलेले.

नाना शेऱ्यात गट नंबर लिहितात आणि तिरक्या रेघेऐवजी त्यांचं बोट बॅकस्लॅशवर पडतं. पुढचा हिस्सा माहीत नसेल तर रेघ मारून जागा सोडतात, नंतर भरू म्हणून. तर त्या रकान्यात होतं:

"गट ११२, हिस्सा २\"

एक्सेलच्या नजरेत बॅकस्लॅश हे साधं अक्षर. आरएफसी ४१८० मध्येही त्याला काही खास मान नाही. पण एफगेटसीएसव्हीचा पाचवा पॅरामीटर, एस्केप, न सांगता बॅकस्लॅश असतो. त्यामुळे पीएचपीनं शेवटचा कोट "मजकुरातला कोट" समजला आणि रकाना उघडाच ठेवला. पुढची ओळ, त्याच्या पुढची ओळ, सगळं त्याच रकान्यात, थेट पुढचं डबल कोट सापडेपर्यंत. त्या दिवशी ते बरंच खाली होतं, कारण तोवर नानांनी प्रिंटसाठी वेगळी शीट केली होती आणि रकमांत कॉमा उरले नव्हते.

उपाय एवढाच की पाचवा पॅरामीटर रिकामी स्ट्रिंग द्या. ही सोय पीएचपी ७.४ पासून आहे. ८.४ पासून तर हा पॅरामीटर दिलाच नाही की डेप्रिकेटेडचा इशारा येतो. तो बंद करून टाकण्याऐवजी त्याचं ऐका. होस्टिंग ७.४ च्या आधीचं असेल तर रिकामी स्ट्रिंग चालत नाही, तिथे फाइलमध्ये कधीच येणार नाही असं एखादं कंट्रोल कॅरेक्टर द्या. आणि जमलं तर होस्टिंग बदला.

दुसऱ्या पॅरामीटरकडेही याच वेळी बघून घ्या. जुन्या उदाहरणांतून उचललेल्या कोडमध्ये तिथे १००० लिहिलेलं असतं. ते बाइट आहेत, अक्षरं नाहीत. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासकट, ३ बाइट खातं, म्हणजे साधारण ३३३ चिन्हांत मर्यादा संपते आणि उरलेली ओळ नवी ओळ म्हणून पुढे येते. तिथे शून्य द्या, मर्यादाच राहत नाही.

आणखी एक लोकप्रिय आडवाट: फाइल फंक्शननं आधी सगळ्या ओळी घ्यायच्या, मग प्रत्येकीवर स्ट्रगेटसीएसव्ही. दिसायला एका ओळीचं देखणं काम. पण नाना शेऱ्यात आल्ट-एंटर मारतात: "ओला माल" आणि खाली "२ किलो कट". त्या एंटरवर ओळ तुटते, कोट अर्धवट राहतो. ओळी मोजायचं काम एफगेटसीएसव्हीकडेच राहू द्या.

पहिला रकाना दिसतो, पण सापडत नाही

शीर्षकाच्या ओळीवरून रकाने शोधणाऱ्यांसाठी. व्हार_डंपनं छापून पाहिलं तर "शेतकरी क्रमांक" अगदी समोर दिसतो, आणि त्याच नावानं मागितलं तर असा रकाना नाही म्हणून इशारा येतो. मी अर्धा दिवस ऱ्हस्व-दीर्घ तपासण्यात घालवला. उत्तर व्हार_डंपनं सांगितलेल्या लांबीतच होतं. "शेतकरी क्रमांक" म्हणजे १३ देवनागरी चिन्हं आणि एक स्पेस, ४० बाइट. तिथे लिहिलेलं ४३.

ते तीन जास्तीचे बाइट म्हणजे बीओएम (बाइट ऑर्डर मार्क, फाइल युनिकोडमध्ये आहे हे सांगणारी न दिसणारी खूण): ईएफ, बीबी, बीएफ. एक्सेलमधून "सीएसव्ही यूटीएफ-८" म्हणून सेव्ह केलं की फाइलच्या तोंडाशी ते बसतात. ट्रिम त्यांना हात लावत नाही. फाइल उघडल्यावर पहिले तीन बाइट वाचा, बीओएम असेल तर तिथूनच पुढे चला, नसेल तर रिवाइंड करा. शंका असेल तेव्हा बिनटूहेक्स करून बघा, डोळ्यांवर जाऊ नका.

पण बीओएम टाळायचा म्हणून नानांना साधं "सीएसव्ही कॉमा डिलिमिटेड" निवडायला सांगू नका. त्यात देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात, आणि ती झाली की मूळ मजकूर कुठल्याच फंक्शननं परत येत नाही. बीओएम सोसा.

उलट बाजूही लक्षात ठेवा. बीओएम नसलेली यूटीएफ-८ फाइल एक्सेलमध्ये डबल क्लिकनं उघडली की देवनागरीच्या जागी टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं दिसतात. घाबरून कुणी ती तशीच सेव्ह केली की संपलं. "जरा बघू काय आहे फाइलमध्ये" म्हणून ती एक्सेलमध्ये उघडणं हेच निम्म्या दुखण्यांचं मूळ आहे. नोटपॅडमध्ये बघा.

खातं क्रमांक असलेली फाइल असेल तर हे जास्तच लागू. साध्या रकान्यात ११ अंकांपर्यंत एक्सेल आकडा पूर्ण दाखवतं, बाराव्याला ई-प्लसवाल्या रूपात जातं, आणि सीएसव्हीत जे दिसतं तेच लिहितं. १४ अंकी खात्याचे शेवटचे अंक कायमचे गेले. १५ च्या पुढचे अंक तर टाकतानाच शून्य होतात. सुरुवातीची शून्यं उडतात. लॉट क्रमांक ३-११ चा नोव्हेंबर होतो. पीएचपी यात काही करू शकत नाही. रकाना भरण्याआधीच टेक्स्ट करून ठेवायचा, आणि स्क्रिप्टनं खात्यात अंकांखेरीज काही दिसलं की ओळ नाकारायची. पैशाच्या फाइलमध्ये अंदाजानं दुरुस्ती करू नये, या मताचा मी आहे.

अख्खी ओळ एकाच रकान्यात आली तर कॉमाच्या जागी सेमीकोलन किंवा टॅब आहे. पहिली ओळ बघून ठरवा.

आता स्क्रिप्ट अशी चालते: बीओएम वगळते, शीर्षकाची ओळ घेऊन प्रत्येक नाव ट्रिम करते, मग पाचही पॅरामीटर देऊन एफगेटसीएसव्ही, उत्तर फॉल्स येईपर्यंत. कोरी ओळ आली की एकच नल असलेला ॲरे मिळतो, तो सोडून देते. नुसत्या कॉमांची ओळही सोडते. "एकूण" नं सुरू होणारी ओळ शेतकरी नाही, हे तिला वेगळं सांगावं लागलं. त्याआधी एक दिवस "एकूण" नावाच्या इसमानं त्या दिवसाचा सगळा कापूस विकला होता. मग रकान्यांची संख्या शीर्षकाशी ताडून बघते, आणि जुळली तरच ॲरे_कंबाइननं शीर्षकं आणि रकाने जोडते. हे ताडणं टाळू नका: पीएचपी ८.० पासून संख्या जुळली नाही की ॲरे_कंबाइन थेट एरर (व्हॅल्यूएरर) फेकतं, आणि अर्धी फाइल चढून अर्धी बाहेर राहते. सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये ठेवलं तर तेही टळतं.

ओळ नाकारली तर स्क्रिप्ट तिचा क्रमांक आणि रकान्याचं नाव सांगते. हा क्रमांक मी एफगेटसीएसव्हीच्या फेऱ्यांवरून मोजतो, कारण आल्ट-एंटरमुळे नोटपॅडमधली ओळ आणि एक्सेलमधली ओळ वेगळी पडते आणि नाना एक्सेल बघतात. फक्त कोऱ्या ओळीही मोजा, नाहीतर क्रमांक एकानं मागे पडतो. एसएमएस आता लगेच जात नाहीत. आधी पहिल्या पाच ओळी आणि एकूण रकमेची बेरीज पडद्यावर येते, नाना ती वहीशी ताडतात, मग बटण.

गेल्या आठवड्यात परत फोन आला, या वेळी नानांचा. "भाऊ, ओळ ३७ वर काय सांगस हाई? रकमेत अंक नाही म्हणे."

मी म्हटलं, नाना, तिथे तुम्ही काय लिहिलंय ते वाचा.

थोडा वेळ शांतता. "'नंतर बघू' लिहेल शे."